संवर्धन राखीव कार्यक्रम (अमेरिका)

संवर्धन राखीव कार्यक्रम हा अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा शेतजमिनीच्या संवर्धनासाठीचा अनुदान कार्यक्रम आहे. कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम हे त्याचे मूळ नाव असून तो सीआरपी या आद्याक्षरांनी अधिक ओळखला जातो. १९८५ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो अस्तित्वात आला. या कार्यक्रमात धूप होणारी किंवा पर्यावरणदृष्ट्या नाजूक जमीन लागवडीखालून काढून तिच्यावर गवत, झुडपे अथवा झाडे राखण्याचा करार शेतकरी सरकारशी करतो. त्याच्या मोबदल्यात सरकार १० ते १५ वर्षे दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम देते.

सरकार ही जमीन विकत घेत नाही, तर मुदतीपुरती खंडाने घेते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि करार संपल्यावर तो तीच जमीन पुन्हा नांगरू शकतो. त्यामुळे धान्याचे भाव उतरले की नोंदणी वाढते आणि भाव चढले की जमीन कार्यक्रमातून बाहेर पडू लागते. २००७ साली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन या कार्यक्रमात होती. हा आजवरचा उच्चांक आहे. २०२१ पर्यंत हे क्षेत्र सुमारे २ कोटी १० लाख एकरांवर आले.

कार्यक्रमाचा निधी आणि नियम वॉशिंग्टनमध्ये ठरत असले, तरी त्याची अंमलबजावणी काउंटी पातळीवर होते. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग होय. भारतातील जिल्ह्याशी त्याची ढोबळ तुलना करता येते, मात्र ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या अनेकदा काही हजारच असते. अशा विरळ वस्तीच्या काउंटीत हे अनुदान स्थानिक अर्थव्यवहाराचा लक्षणीय भाग बनते.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चढे भाव मिळाल्याने अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशातील विस्तीर्ण कुरणे नांगराखाली आली. या भागात पाऊस कमी आणि वारा जोराचा. मूळ गवताच्या दाट मुळांनी धरून ठेवलेली माती नांगरटीने मोकळी झाली. १९३० च्या दशकात सलग दुष्काळ पडले, तेव्हा पिके उगवलीच नाहीत आणि उघडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. कॅन्सस, कॉलोराडो, ओक्लाहोमा, टेक्सास आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या लगतच्या भागांत आलेल्या या संकटाला ‘डस्ट बोल’ असे नाव पडले. १४ एप्रिल १९३५ रोजीच्या प्रचंड धूळवादळामुळे तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर दोनच आठवड्यांत, २७ एप्रिल १९३५ रोजी, मृदासंधारण कायदा झाला आणि कृषी खात्यात मृदासंधारण सेवा ही स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट हे तिचे पहिले प्रमुख होते. जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असे ते १९२० च्या दशकापासून मांडत होते. ही यंत्रणा १९९४ पासून नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन सेवा या नावाने काम करते.

संवर्धनासाठी शेतकऱ्याला थेट पैसे देण्याची पद्धत मात्र एका न्यायालयीन निकालाच्या निमित्ताने रूढ झाली. पीकक्षेत्र कमी करण्यासाठी शेतकऱ्यांना रक्कम देणारा १९३३ चा कृषी कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच महिन्यात काँग्रेसने नवा कायदा संमत केला. त्यात जमिनीचा कस घटवणाऱ्या पिकांऐवजी कस राखणारी पिके घेणाऱ्यांना मोबदला देण्याची तरतूद होती. शेतमालाचे उत्पादन आवरणे आणि माती वाचवणे ही दोन उद्दिष्टे तेव्हापासून अमेरिकी शेतीधोरणात एकमेकांत गुंतलेली राहिली.

स्थानिक सहभागाची रचनाही याच काळात उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये मृदासंधारण जिल्ह्यांसाठीचा आदर्श कायदा राज्यांच्या गव्हर्नरांकडे पाठवला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ॲन्सन काउंटीत, म्हणजे बेनेट यांच्या जन्मकाउंटीत, त्याच वर्षी ब्राउन क्रीक हा देशातील पहिला मृदासंधारण जिल्हा स्थापन झाला. आज अशा जिल्ह्यांची संख्या सुमारे ३,००० आहे.

इतिहास

मृदा पेढी (१९५६)

राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या काळात १९५६ मध्ये ‘सॉइल बँक’ अर्थात मृदा पेढी ही योजना सुरू झाली. तिचा एक भाग दीर्घ मुदतीचा होता आणि त्याचे नावही ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह’ असेच होते. १९६० मध्ये या भागात सुमारे २ कोटी ८७ लाख एकर जमीन होती.

मृदा पेढीत संपूर्ण शेत नोंदवण्यास मुभा होती. परिणामी काही गावांच्या परिसरातील शेतेच्या शेते एकाच वेळी पड राहिली. बी-बियाणे, खते आणि अवजारे विकणाऱ्यांचे गिऱ्हाईक तुटले, धान्य साठवणाऱ्यांकडे धान्य येईना, आणि जमीन सोडून गेलेली कुटुंबे परत आली नाहीत. मैदानी प्रदेशातून झालेल्या या तक्रारींमुळे योजनेचा राजकीय आधार ढासळला. नवी नोंदणी थांबली आणि जुने करार मुदत संपेल तसे विरत गेले.

१९७० चे दशक

सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये मोठ्या प्रमाणावर गहू खरेदी केल्यानंतर जगभर धान्याचे भाव वाढले. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरणी करण्याचे आवाहन केले. मृदा पेढीच्या काळात गवताखाली आलेली जमीन पुन्हा नांगरली गेली, आणि १९३० च्या दशकात लावलेल्या वारारोधक झाडांच्या रांगाही अनेक ठिकाणी तोडल्या गेल्या. धुपीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

१९८५ चा कायदा

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी निर्यात घटली, भाव कोसळले आणि चढ्या व्याजाच्या कर्जाखाली दबलेली हजारो शेतकरी कुटुंबे जमिनीला मुकली. एकीकडे धान्याचे साठे अतिरिक्त होते, तर दुसरीकडे जमीन धुपत होती. या परिस्थितीत पर्यावरणवादी संघटना आणि शेतकरी संघटना प्रथमच एका विधेयकामागे उभ्या राहिल्या. राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी २३ डिसेंबर १९८५ रोजी अन्न सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्यात दोन प्रकारच्या तरतुदी होत्या. पहिली मोबदल्याची, म्हणजे संवर्धन राखीव कार्यक्रमाची. दुसरी अटींची: अतिशय धुपणारी जमीन संवर्धन आराखड्याशिवाय कसणाऱ्याला किंवा पाणथळ जमिनीचा निचरा करून तेथे पीक घेणाऱ्याला शेतीची इतर सरकारी अनुदाने नाकारण्याची तरतूद झाली. पहिली नोंदणी मार्च १९८६ मध्ये झाली. १९९० पर्यंत सुमारे ३ कोटी ४० लाख एकर जमीन कार्यक्रमात आली.

नंतरचे बदल

सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये शेतकरी आपली एकरी अपेक्षा बोलीच्या स्वरूपात कळवत. सरकार प्रत्येक विभागासाठी एक कमाल दर ठरवी. हा दर लवकरच सर्वांना ठाऊक झाला आणि बहुतेक बोल्या त्याच्याशी जुळू लागल्या. त्यामुळे स्थानिक खंडापेक्षा अधिक रक्कम दिली जात असल्याची टीका झाली. काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेने १९८९ मध्ये हा कार्यक्रम कमी खर्चात अधिक परिणामकारक होऊ शकतो, असा निष्कर्ष काढला.

१९९० च्या कायद्यानंतर पर्यावरणीय लाभ निर्देशांक ही गुणांकन पद्धत आली. केवळ धुपीऐवजी वन्यजीव, पाण्याची गुणवत्ता आणि हवेचा दर्जा यांनाही गुण मिळू लागले. १९९६ च्या कायद्याने क्षेत्राची कमाल मर्यादा ३ कोटी ६४ लाख एकर ठरवली. २००२ मध्ये ती ३ कोटी ९२ लाखांवर नेण्यात आली, २००८ मध्ये ३ कोटी २० लाखांवर, तर २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लाखांवर आणण्यात आली. २०१८ च्या कायद्याने २०२३ पर्यंत ती २ कोटी ७० लाख एकरांपर्यंत वाढवली.

स्वरूप

कार्यक्रमाचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

सर्वसाधारण नोंदणी: ठरावीक काळातच अर्ज स्वीकारले जातात. सर्व प्रस्तावांना निर्देशांकानुसार गुण देऊन देशपातळीवर निवड होते. बहुधा मोठे, सलग तुकडे या प्रकारात येतात.

अखंड नोंदणी: वर्षभर अर्ज करता येतो आणि पात्र जमिनीसाठी स्पर्धा नसते. ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्या, नदीकाठची झाडी, पावसाचे पाणी वाहून नेणारे गवताळ चर, वारारोधक झाडांच्या रांगा आणि पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन यांचा त्यात समावेश होतो. क्षेत्र लहान असले तरी एकरी लाभ मोठा असल्याने या प्रकाराचे मोल अधिक मानले जाते.

राज्यांसह भागीदारी: एखाद्या राज्याच्या विशिष्ट प्रश्नासाठी संघराज्य आणि राज्य सरकार मिळून खर्च उचलतात. १९९७ मध्ये मेरीलँड राज्याशी पहिला करार झाला. चेसापीक उपसागरात शेतांतून वाहून येणारा गाळ आणि खतांचा अंश कमी करणे हा त्याचा हेतू होता.

गवताळ जमीन: या प्रकारात जमीन पड ठेवावी लागत नाही. गुरे चारण्यास परवानगी असते, मात्र कुरण मोडून तेथे पीक घेता येत नाही किंवा बांधकाम करता येत नाही. २०१४ च्या कायद्याने हा प्रकार समाविष्ट केला. येथील दर तुलनेने बरेच कमी असतात. २०२० नंतर त्याचे क्षेत्र झपाट्याने वाढले आहे.

पात्रता आणि अटी

सर्वसाधारण नोंदणीसाठी जमीन पूर्वी प्रत्यक्ष पिकाखाली असावी लागते. कायद्याने नेमून दिलेल्या सहा वर्षांपैकी किमान चार वर्षे तिच्यावर पीक घेतलेले असावे, आणि अर्जदाराकडे ती किमान १२ महिने असावी, अशी अट आहे. त्यामुळे ज्याने कुरण कधी मोडलेच नाही, त्याला सर्वसाधारण नोंदणीत जागा नसते. उलट ते मोडून पेरणी करणारा पात्र ठरतो. गवताळ जमिनीचा प्रकार आल्याने ही विसंगती काही अंशी दूर झाली.

करार झाल्यावर संवर्धन आराखडा तयार होतो. कोणते बी पेरायचे, तण कसे आवरायचे, आणि मुदतीच्या मध्यावर नियंत्रित जाळणी किंवा हलकी मशागत कधी करायची, हे त्यात नमूद असते. आच्छादन उभे करण्याच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा भाग सरकार उचलते. वार्षिक रक्कम ऑक्टोबर महिन्यापासून दिली जाते. एका व्यक्तीला वार्षिक खंडापोटी कमाल ५०,००० डॉलर मिळू शकतात. शेतकऱ्याने करार मोडल्यास आतापर्यंत मिळालेली रक्कम व्याजासह परत करावी लागते आणि त्यावर दंडही भरावा लागतो.

तीव्र दुष्काळात राखीव जमिनीवर गुरे चारण्यास आणि गवत कापण्यास तात्पुरती परवानगी दिली जाते. २०१२ च्या दुष्काळात अशी परवानगी मोठ्या क्षेत्रावर देण्यात आली होती. एरवी पक्ष्यांच्या विणीच्या मुख्य हंगामात ही मुभा मर्यादित असते.

काउंटी पातळीवरील कारभार

अमेरिकेत ३,००० हून अधिक काउंट्या आहेत. कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सी या विभागाची २,००० हून अधिक स्थानिक कार्यालये त्यांचा कारभार पाहतात. शेतकरी येथेच अर्ज करतो, नकाशावर आपला तुकडा दाखवतो आणि करारावर सही करतो. तांत्रिक सल्ला नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन सेवा आणि स्थानिक संवर्धन जिल्हा देतात.

कार्यालयासोबत एक काउंटी समिती असते. तिचे सदस्य स्थानिक शेतकरी आपल्यातून तीन वर्षांसाठी निवडतात. अर्जांना मान्यता देणे, तक्रारी ऐकणे आणि स्थानिक परिस्थितीबाबत शिफारशी करणे ही समितीची कामे आहेत. आपल्याच शेजाऱ्यांनी निर्णय घेण्याची ही पद्धत १९३० च्या दशकापासून चालत आली आहे.

खंडाचा दर

दर देशभर एकसारखा नसतो. काउंटीतील कोरडवाहू जमिनीचा सरासरी रोख खंड आणि संबंधित तुकड्यावरील मातीच्या प्रमुख प्रकारांची उत्पादकता यांवरून तो ठरतो. त्यामुळे एकाच काउंटीतील दोन शेजारच्या शेतांना वेगवेगळा दर मिळू शकतो. राज्याराज्यांतील तफावत तर फार मोठी आहे. कॉलोराडोच्या पूर्वेकडील कोरड्या भागात एकरी ३० ते ४० डॉलर मिळतात, तर आयोवाच्या काळ्या, सुपीक जमिनीत हा दर २०० डॉलरच्याही पुढे जातो. २०१८ च्या कायद्याने सर्वसाधारण नोंदणीचा दर काउंटी सरासरीच्या ८५ टक्के आणि अखंड नोंदणीचा ९० टक्के असा मर्यादित केला. सरकारच चढा खंड देऊ लागले तर जमीन खंडाने घेऊ पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्याला ती परवडत नाही, हे या कपातीमागील मुख्य कारण होते.

पंचवीस टक्क्यांची मर्यादा

मृदा पेढीच्या अनुभवावरून १९८५ च्या कायद्यात एक महत्त्वाची अट घालण्यात आली. कोणत्याही काउंटीतील पीकजमिनीपैकी २५ टक्क्यांहून अधिक क्षेत्र सर्वसाधारणपणे या कार्यक्रमात घेता येत नाही. स्थानिक अर्थव्यवस्थेवर विपरीत परिणाम होणार नसल्यास अपवाद करता येतो. माती वाचवताना गाव ओस पडू नये, हा या मर्यादेचा हेतू आहे.

दोन उदाहरणे

कॉलोराडोच्या आग्नेय कोपऱ्यातील बाका काउंटी डस्ट बोलच्या केंद्रभागी होती. तेथे एकाच प्रश्नावरचे दोन उपाय शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारने उजाड झालेली बरीच जमीन विकत घेतली आणि तिच्यावर पुन्हा गवत लावले. ती आज कोमँची राष्ट्रीय गवताळ प्रदेशाचा भाग आहे आणि तिच्यावर नांगर चालत नाही. १९८६ नंतर काउंटीतील खाजगी जमिनीचे मोठे क्षेत्र संवर्धन राखीव कार्यक्रमात आले. कॉलोराडोतील सर्वाधिक नोंदणी असलेल्या काउंट्यांमध्ये बाकाची गणना होते. गहू आणि ज्वारी पिकवणाऱ्या या कोरडवाहू भागात पाऊस बेभरवशाचा असतो, त्यामुळे दरवर्षी ठरल्या वेळी येणारी रक्कम अनेक कुटुंबांना मोठा आधार ठरते. काउंटीची लोकसंख्या १९३० मध्ये दहा हजारांहून अधिक होती. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे साडेतीन हजार भरली. ही घसरण कार्यक्रमाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तरीही अशा विरळ वस्तीत आणखी शेते पड राहिल्यास उरलेली दुकाने आणि शाळा कशा टिकतील, हा प्रश्न राहतोच.

वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीचे चित्र वेगळे आहे. पलूस या प्रदेशातील तिच्या टेकड्या वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक, अतिशय सुपीक मातीच्या बनलेल्या आहेत. देशातील सर्वाधिक गहू पिकवणाऱ्या काउंट्यांमध्ये तिची गणना होते. मात्र उतार तीव्र असल्याने हिवाळी पाऊस आणि वितळणारा बर्फ माती वाहून नेतो. येथे टेकड्यांचे सर्वांत तीव्र उतार कार्यक्रमात देऊन उरलेल्या जमिनीवर गहू घेणे शेतकऱ्याला शक्य होते.

परिणाम

माती आणि पाणी

कृषी खात्याच्या राष्ट्रीय पाहणीनुसार १९८२ ते २००७ या काळात अमेरिकेतील पीकजमिनीची धूप ४३ टक्क्यांनी घटली. या घटीत संवर्धन राखीव कार्यक्रमाचा वाटा महत्त्वाचा आहे, मात्र एकट्याचा नाही. कमी नांगरटीच्या पद्धती आणि इतर अनुदानांना जोडलेल्या अटी यांचाही त्यात मोठा भाग आहे. ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्या गाळ, नत्र आणि स्फुरद पाण्यात जाण्यापासून रोखतात. गवताखालच्या जमिनीत साठणारा कर्ब हा आणखी एक लाभ मानला जातो. अर्थात जमीन पुन्हा नांगरली की त्याचा बराचसा भाग हवेत परत जातो.

वन्यजीव

डकोटा राज्ये आणि मोन्टानाच्या ईशान्य भागात हिमनद्यांनी मागे ठेवलेली असंख्य लहान तळी आहेत. ती बदकांच्या विणीची प्रमुख ठिकाणे होत. तळ्यांभोवतीच्या राखीव गवतामुळे या प्रदेशात दरवर्षी सुमारे २० लाख अधिक बदके निपजली, असा अंदाज संघराज्य वन्यजीव खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातील पाहण्यांवरून मांडला. गवताळ प्रदेशातील चिमण्या आणि फेझंट पक्षी यांनाही लाभ झाला. दक्षिण मैदानातील संकटग्रस्त लेसर प्रेअरी चिकन या पक्ष्यासाठी राखीव गवत महत्त्वाचा अधिवास ठरले आहे. शिकारीसाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे काही काउंट्यांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले.

ग्रामीण समाज

राखीव जमिनीला बियाणे, खत, इंधन आणि मजूर फारसे लागत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याचे उत्पन्न टिकले तरी त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या व्यवसायांचे उत्पन्न घटते. निवृत्त झालेला किंवा शहरात राहणारा मालक खंडाची रक्कम गावाबाहेर खर्च करतो, अशीही तक्रार असते. काँग्रेसच्या सूचनेवरून कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन विभागाने २००४ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधिक नोंदणी असलेल्या काही काउंट्यांत सुरुवातीच्या वर्षांत रोजगारवाढ मंदावली, मात्र हा परिणाम पुढे ओसरला आणि लोकसंख्येच्या घसरणीशी कार्यक्रमाचा पद्धतशीर संबंध आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरासरी चित्र असे असले, तरी धान्याच्या उलाढालीवरच जगणाऱ्या छोट्या गावांतील व्यावसायिकांचा अनुभव अधिक कटू आहे.

टीका आणि वाद

संवर्धनाचा तात्पुरतेपणा हा मुख्य आक्षेप आहे. २००५ आणि २००७ च्या ऊर्जा कायद्यांनी इंधनात इथेनॉल मिसळणे बंधनकारक केल्यानंतर मक्याची मागणी वाढली. २००५ च्या सुमारास बुशेलला सुमारे २ डॉलर असलेला भाव २०१२ मध्ये ७ डॉलरच्या पुढे गेला. करार संपलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी नूतनीकरण केले नाही. नॉर्थ डकोटा आणि मोन्टाना या राज्यांतील राखीव क्षेत्र दशकभरात निम्म्याहून कमी झाले. वीस-वीस वर्षे गवताखाली असलेली जमीन, आणि तिच्यावर खर्च झालेला सार्वजनिक पैसा, एका हंगामात नांगराखाली गेला. पुढे भाव उतरल्यावर उलट अडचण झाली: २०१६ च्या सर्वसाधारण नोंदणीत सुमारे १८ लाख एकरांचे प्रस्ताव आले, पण कायद्यातील मर्यादेमुळे सुमारे ४ लाख एकरच स्वीकारता आले.

कायमस्वरूपी हक्क विकत घेणे अधिक फलदायी ठरेल, असे काही अभ्यासक सुचवतात. त्यावर शेतकऱ्यांचा युक्तिवाद असा की, पुढच्या पिढीचा निर्णय आजच बांधून टाकणे योग्य नाही, आणि मुदतीचा करार असल्यामुळेच इतके शेतकरी स्वेच्छेने पुढे आले.

दुसरा आक्षेप गळतीचा आहे. एक तुकडा पड ठेवून शेतकरी दुसरीकडचे कुरण मोडतो, तेव्हा लाभ अंशतः वाया जातो. अर्थतज्ज्ञ जुनजी वू यांनी २००० साली असा अंदाज मांडला की, मध्य अमेरिकेत दर १०० एकर राखीव जमिनीमागे सुमारे २० एकर नवी जमीन पिकाखाली आली. इतर अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर शंका घेतली असून हा वाद मिटलेला नाही.

तिसरा मुद्दा लाभाच्या वाटपाचा आहे. रक्कम जमिनीच्या प्रमाणात मिळत असल्याने मोठ्या जमीनमालकांना अधिक लाभ होतो, आणि मालकाने जमीन कार्यक्रमात दिली की खंडाने ती कसणाऱ्याचे साधन जाण्याचा धोका असतो. करारात कसणाऱ्याचे हित जपण्याची तरतूद आहे, पण खंडाची मुदत संपल्यावर तिचा उपयोग राहत नाही. निवृत्त शेतकऱ्याने मुदत संपलेली जमीन नवोदित किंवा वंचित गटातील शेतकऱ्याला विकल्यास अथवा दीर्घ खंडाने दिल्यास त्याला आणखी दोन वर्षांची रक्कम देण्याची योजना २००८ मध्ये सुरू झाली.

काउंटी समित्यांवरही टीका झाली आहे. दक्षिणेकडील अनेक काउंट्यांत या समित्यांवर दीर्घकाळ श्वेतवर्णीय जमीनमालकांचेच वर्चस्व होते. कृषी खात्याच्या कर्ज आणि साहाय्य योजनांत भेदभाव झाल्याचा दावा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये न्यायालयात दाखल केला. पिगफर्ड खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि हजारो शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. शेजाऱ्यांच्या हाती निर्णय सोपवणारी रचना समाजातील विषमताही सोबत घेऊन येते, हे त्यातून पुढे आले.

अनुदान घेणाऱ्यांची नावे आणि रकमा माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मिळतात आणि काउंटीनिहाय प्रसिद्धही होतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब लोकांपुढे असावा, असे समर्थक म्हणतात. लहान काउंटीत शेजाऱ्याचे उत्पन्न सर्वांना कळते, अशी शेतकऱ्यांची नाराजी आहे. २००८ च्या कायद्याने शेताची भौगोलिक आणि व्यवसायविषयक माहिती उघड करण्यावर बंधने घातली, मात्र रकमांची माहिती खुली राहिली.

संबंधित योजना

संवर्धन राखीव कार्यक्रम जमीन लागवडीखालून काढतो. चालू शेतीत सुधारणा करण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेली पर्यावरण गुणवत्ता प्रोत्साहन योजना बांधबंदिस्ती, शेणखताची साठवण, कुंपण, सिंचन सुधारणा आणि आच्छादन पिके यांच्या खर्चाचा काही भाग उचलते. संवर्धन कारभार योजना संपूर्ण शेतावर चांगल्या पद्धती चालू ठेवणाऱ्याला वार्षिक रक्कम देते. पाणथळ जागा आणि शेतजमिनी यांवरील हक्क दीर्घ मुदतीसाठी अथवा कायमचे विकत घेणारी योजनाही आहे. २०२२ च्या महागाई नियंत्रण कायद्याने शेती संवर्धनासाठी सुमारे १९.५ अब्ज डॉलरची जादा तरतूद केली. तिचा मोठा भाग चालू शेतीतील सुधारणांच्या योजनांना मिळाला.

सद्यस्थिती

घटती नोंदणी थांबवण्यासाठी कृषी खात्याने २०२१ मध्ये दर वाढवले आणि हवामानाला उपकारक आच्छादनासाठी प्रोत्साहन रक्कम जोडली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे जागतिक धान्यपुरवठ्यावर ताण आला, तेव्हा कराराच्या अखेरच्या वर्षात असलेल्या शेतकऱ्यांना दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर क्षेत्र सावरून २ कोटी ४० लाख एकरांच्या पुढे गेले. या वाढीतील मोठा भाग गवताळ जमिनीच्या प्रकारातील आहे. पीकजमीन पड ठेवणारे क्षेत्र पूर्वीपेक्षा बरेच कमी आहे. कार्यक्रमावर दरवर्षी सुमारे २ अब्ज डॉलर खर्च होतात.

२०१८ च्या शेती कायद्याची मुदत २०२३ मध्ये संपली. त्यानंतर सर्वसमावेशक नव्या कायद्याऐवजी काँग्रेसने मुदतवाढी दिल्या आणि कार्यक्रमाची नवी नोंदणी त्यांवर अवलंबून राहिली.